हिमालयन ४११ साठी वापरलेला मोनोशॉक: घेताना काय बघायचं, उघडताना काय जपायचं

रानवाटा
मंडळी, गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, मॉडेल २०१८. मागचा शॉक गेल्यात जमा आहे. सीट दाबून सोडली की गाडी दोन-तीनदा झुलते, आणि डबलसीट असताना गतिरोधकावर ठोका बसतो. नवा नावाजलेला मोनोशॉक (मागचा एकच शॉक अॅब्सॉर्बर) खिशाला परवडत नाही. बाजूला गॅसची टाकी असलेला एक वापरलेला शॉक बघण्यात आहे. घ्यावा का? घेताना काय तपासायचं? आणि सर्व्हिस घरी होते, की गॅसचं प्रकरण असल्यामुळे हात लावू नये? वजन जॅकेट-बुटांसकट ८५ किलो. बहुतेक वेळा एकटाच, कधीतरी मागे माणूस आणि सामान.

चिमटेवाला
पैसे काढायच्या आधी दहा मिनिटांचं काम करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हळूच वर उचला. स्प्रिंगचा जोर लागायच्या आधीच चाक सैल हललं आणि ‘टक्’ असा आवाज आला, तर तो दोष लिंकेजच्या नीडल बेअरिंगचा किंवा शॉकच्या डोळ्यातल्या (टोकाला बोल्ट जातो त्या कडीतल्या) बुशचा. ४११ ला शॉक आणि चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या दुपाखी दांड्याच्या) मध्ये लिंकेज, म्हणजे हलत्या जोडपट्ट्या, आहे, ते बरोब्बर चिखलाच्या माऱ्यात येतं आणि सर्व्हिसमध्ये तिथे ग्रीस घालायचं कुणाच्या मनातही येत नाही. पिन बाहेर काढा, गंजाचे चट्टे असतील तर पिन आणि बेअरिंग दोन्ही बदला, नुसतं बेअरिंग नको. तुमची झुलण्याची तक्रार डॅम्पिंग (तेलाच्या विरोधाने झुलणं आवरणं) गेल्याचीच दिसते, पण सैल लिंकेजवर भारीतला शॉक बसवून काहीही कळणार नाही.

आता शॉक. वापरलेल्या शॉकमध्ये आपण तीनच वस्तू विकत घेतो: बॉडी, रॉड आणि स्प्रिंग. सील, तेल, गॅस आणि बंपर यांची किंमत शून्य धरायची, समोरचा ‘एकदम ड्राय आहे, थेंब नाही’ असं शंभरदा म्हणाला तरी. थेंब पुसायला चिंधी पुरते. म्हणजे समजा तो १२ हजार सांगतोय, तर सील किट, तेल, गॅस आणि मजुरी यांचा आधी भाव काढा, तो त्या १२ हजारांत मिळवा, आणि मग नव्याशी तुलना करा. बरेचदा ही बेरीज नव्याच्या इतक्या जवळ जाते की सौदा तिथेच संपतो.

पहिला प्रश्न भावाचा नाहीच, तो शॉक उघडतो का हा आहे. रॉड जिथे बॉडीत शिरतो तिथे धुळीची टोपी असते. तिच्याखाली सर्क्लिप (खाचेत बसणारी तारेची कडी) किंवा आट्यांचं झाकण असेल तर तो सर्व्हिस होणारा शॉक. बॉडीची कड आत वळवून, दाबून बंद केली असेल तर तो कारखान्यातून बाहेर पडला तो फेकण्यासाठीच. बहुतेक कंपनी-फिटिंग शॉक या दुसऱ्या जातीचे. असा वापरलेला शॉक फुकट मिळाला तर स्प्रिंगसाठी घ्यावा.

गप्पीदास
पण सगळीकडे तर असले शॉक ‘रिपेअर’ करून देतात. भोक पाडून वाल (व्हॉल्व्ह) लावतात, गॅस भरतात. चालतात की.

दहा_बार
चालतात, किती दिवस ते विचारू नका. दाबून बंद केलेल्या बॉडीला भोक पाडलं की लोखंडाचा किंवा अॅल्युमिनियमचा कीस आत पडतो, तो पिस्टनच्या शिमखाली (तेलाची वाट अडवणाऱ्या पातळ चकत्यांखाली) अडकतो आणि त्या दिशेचं डॅम्पिंग गायब होतं. वाल वेल्डिंगने लावला तर उष्णतेने आतला सील करपतो आणि नळी वाकडी होते. शिवाय आतलं जुनं तेल तसंच राहतं, कारण बाहेर काढायला वाट नसते. मग दोन दिवस शॉक ताठ लागतो (तो गॅसचा ताठपणा, डॅम्पिंगचा नव्हे) आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. विकायला आलेल्या शॉकवर असा मागाहून लावलेला वाल, ब्रेझिंगचा डाग किंवा एकाच ठिकाणी ताजा रंग दिसला तर हात जोडून निघायचं.

चिमटेवाला
रॉडबद्दल. बंपर (रॉडवरचा रबरी किंवा फोमचा ठोकळा) वर सरकवा आणि रॉड पूर्ण पुसा. उजेडाकडे तिरका धरून बघा, मग नखाचं टोक लांबीच्या दिशेने फिरवा. नख अडकलं तर सील टिकणार नाही. फक्त दिसतंय, लागत नाही, असा ओरखडा चालतो. पण खड्डा कुठे आहे तेही बघा. अगदी खालच्या टोकाचा, पूर्ण दबलेल्या बंपरच्या जाडीत येणारा खड्डा सीलपर्यंत कधी पोचतच नाही. तो भाव पाडायला वापरा, नाकारायला नको. मधल्या पट्ट्यातला खड्डा मात्र रोज हजारदा सीलवरून जातो.

फोमचा बंपर बोटाने चिमटीत धरून दाबा. भुगा होत असेल तर तो शॉक वर्षानुवर्षं उघडलेला नाही असं समजा, आणि तो भुगा धुळीच्या सीलवर बसून रॉड घासत होता असंही समजा.

मायक्रॉन
रॉड वाकलाय का ते नुसत्या डोळ्याने कळत नाही. व्ही-ब्लॉकवर (खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायल (बारीक फरक दाखवणारा मापक) लावा, ०.०५ मिमीच्या वर काटा हलला तर मी तो रॉड घेणार नाही. कुठल्याही लेथवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे. शॉक उघडलेला नसेल तर वेगळी खूण: रॉड पूर्ण बाहेर असताना सीलभोवती एकाच बाजूला चमकदार पट्टा पडलाय का बघा. वाकडा रॉड नेहमी एकाच बाजूचं क्रोम खातो.

खड्डे असतील तर हार्ड क्रोम होतं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात, पुण्यात भोसरीच्या बाजूला अशी कामं करणारे आहेत. पण ‘क्रोम करून द्या’ एवढंच सांगून रॉड टाकून येऊ नका. सांगायचं ते असं: जुनं क्रोम पूर्ण उतरवा, ग्राइंड करा, क्रोम चढवा, पुन्हा ग्राइंड करून मूळ मापावर आणा आणि पॉलिश करा. आटे आणि पिस्टनची बैठक झाकून घ्या. क्रोम झाल्यावर रॉड १९०-२०० अंशांवर काही तास भट्टीत ठेवायला सांगा. क्रोम चढताना पोलादात हायड्रोजन शिरतो, तो बाहेर काढला नाही तर रॉड ठिसूळ होतो आणि आट्यांपाशी तुटतो. मोटरसायकलच्या बंपरला देतात ते चकचकीत शोभेचं क्रोम इथे काही कामाचं नाही, ते सोलून निघतं.

खारा वारा
कोकण-गोव्याकडून येणाऱ्या शॉकचं एक वेगळं दुखणं. प्रीलोडची (स्प्रिंग आधीच दाबून ठेवायची) रिंग आणि बॉडीचे आटे दोन्ही अॅल्युमिनियमचे, त्यात मिठाची हवा आणि तांबडी माती. पांढरी पूड धरून रिंग अशी जाम होते की छिन्नीने ठोकल्याच्या खुणा हमखास दिसतात. घेताना रिंग फिरवून दाखवायला सांगा. फिरत नसेल तर स्प्रिंग निघणार नाही, आणि स्प्रिंग निघाली नाही तर पुढचं काहीच होणार नाही.

सोडवायची असेल तर आधी नायलॉनच्या ब्रशने आटे साफ, भेदक तेल रात्रभर, मग वरची लॉकरिंग ढिली (ही सैल न करता खालची फिरवत बसणारे बरेच), आणि हूक पान्हा. ठोकायचीच वेळ आली तर पितळेचा दांडा, पोलादाचा नाही. तसंच रिबाउंडचा (शॉक परत उघडायचा वेग ठरवणारा) स्क्रू. तो खालच्या डोळ्यापाशी असतो, चिखल तिथेच साचतो. ‘क्लिक’ जाणवत नसेल तर जोर करू नका, आतली सुई तुटली की रॉडच गेला.

दहा_बार
@रानवाटा, गॅस आहे की नाही हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. स्प्रिंग उतरवा, रिबाउंड आणि कॉम्प्रेशन (दबायचा वेग ठरवणारा) दोन्ही स्क्रू पूर्ण उघडा. शॉक उभा धरून रॉडचं टोक काट्यावर टेकवा आणि बॉडी सावकाश खाली दाबा. रॉड आत सरकायला लागला की काटा किती दाखवतो ते वाचा.

कारण सोपं आहे. आतला दाब रॉडच्या छेदावर बाहेरच्या दिशेने ढकलत असतो. १४ मिमी रॉडचा छेद १.५४ चौरस सेंटिमीटर. १० बार दाब असेल तर साधारण १५.७ किलो. रॉड १२ मिमीचा असेल तर ११.५ किलो, १६ मिमीचा असेल तर २०.५. सीलच्या घर्षणाचा किलो-दीड किलो वर धरा. १४ मिमीच्या रॉडवर काटा ८-९ दाखवत असेल तर गॅस निम्म्यावर आला आहे. सावकाश हा शब्द महत्त्वाचा, जोरात दाबलं तर डॅम्पिंगचा विरोध मिसळतो आणि आकडा फुगतो.

टाकीवाल्या बहुतेक मोनोशॉकना १० बारच्या आसपास दाब लागतो, पण त्या त्या शॉकच्या कागदावरचा आकडा अंतिम.

त्याच वेळी हेही बघून घ्या: रॉड सोडल्यावर आपोआप, एकसारख्या वेगाने पूर्ण बाहेर आला पाहिजे. पहिले काही मिलिमीटर बिनविरोध आत गेला तर आत हवा आहे, म्हणजे तेल गेलंय. मध्येच ‘लच्-लच्’ आवाज आला तरी तेच. रिबाउंडचा स्क्रू पूर्ण बंद केल्यावर परतीचा वेग डोळ्याला दिसेल इतका कमी झालाच पाहिजे.

रानवाटा
हे भारी आहे. पण विक्रेता दुकानात स्प्रिंग काढू देईल?

चिमटेवाला
नाही म्हणाला तर भाव तुटलेल्या शॉकचा. नाना पेठेत काय किंवा कुर्ल्याला सीएसटी रोडवर काय, जुना माल ‘टेस्टिंग’शिवाय विकला जातो आणि तो त्याच हिशोबाने घ्यायचा असतो. स्वतःचा हूक पान्हा, व्हर्नियर आणि जुनी चिंधी घेऊन जा.

शॉक कुठल्या गाडीतून निघाला ते विचाराच. पक्कं बिल मिळालं तर उत्तम, नाहीतर निदान विक्रेत्याचा मेसेज आणि ऑनलाइन भरलेल्या पैशांची नोंद हवी. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग याच वाटेने फिरतात. अवांतर: चोरीचा माल जाणूनबुजून घेण्याचं जुन्या दंडविधानातलं कलम नेमकं ४११ होतं, आता न्यायसंहितेत ते ३१७ झालंय. हिमालयनवाल्यांना लक्षात ठेवायला सोपं.

आणि सोनेरी बॉडी, पिवळी स्प्रिंग एवढ्यावरून नावाजलेल्या ओलिन्स कंपनीचा समजू नका. खऱ्या ओलिन्सवर कोरलेला क्रमांक असतो आणि मॉडेलच्या सुरुवातीची दोन अक्षरं बहुधा गाडीची कंपनी सांगतात, यामाहाला वायए, केटीएमला केटी अशी. नकलीवर फक्त स्टिकर असतं, आणि स्टिकर नेहमीच जरा जास्त मोठं असतं.

गप्पीदास
वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: नंतरच्या हिमालयन ४५० चा शोवा कंपनीचा शॉक ४११ ला बसेल का? आणि ४११ च्या भावंडाचा, स्क्रॅमचा?

मायक्रॉन
स्क्रॅम ४११ ची मागची चाल (चाक वर-खाली हलण्याचं अंतर) हिमालयन ४११ इतकीच, १८० मिमी. दोघांचे पार्ट नंबर कॅटलॉगमध्ये जुळवून बघा आणि मगच घ्या. ४५० ची मागची चाल २०० मिमी आहे, फ्रेम वेगळी, लिंकेज वेगळं. तो बसेल असं मोजल्याशिवाय गृहीत धरू नका.

कुठलाही परका शॉक घेताना मापं ही: डोळ्याच्या मध्यापासून डोळ्याच्या मध्यापर्यंत लांबी, रॉडचा प्रत्यक्ष स्ट्रोक (आत-बाहेर सरकण्याचं अंतर), दोन्ही बुशचं आतलं भोक आणि रुंदी, खालचं टोक डोळा आहे की चिमट्यासारखं दुपाखी, आणि टाकी कुठल्या बाजूला येते. भोक १० चं आणि बोल्ट १२ चा असेल तर बुश बदला, डोळा खरवडू नका.

लांबीचा परिणाम लोक कमी लेखतात. मागच्या चाकाची चाल भागिले शॉकचा स्ट्रोक हा रेशो. तो समजा २.५ आहे. शॉक १० मिमी लांब असेल तर गाडी मागून २५ मिमी उचलली जाते. १४६५ मिमीच्या व्हीलबेसवर हा जवळजवळ एक अंशाचा फरक. हँडल हलकं होतं, साइड स्टँड आखूड पडतो, चेन चिमट्याच्या पुढच्या रबरावर घासायला लागते. शॉक आखूड असेल तर उलट, आणि टायर मडगार्डला लागण्याची भीती वेगळी. म्हणून बसवताना आधी स्प्रिंगशिवाय बसवा, चाक जॅकने पूर्ण वर घ्या, आणि टायर, मडगार्ड, सायलेन्सर, बॅटरीबॉक्स सगळीकडे बोट फिरतंय का बघा.

शिमला नव्हे शिम
स्प्रिंगबद्दल कुणीच बोललं नाही. तिच्यावर आकडा छापलेला असतो, तो किलो प्रति मिमी आहे की न्यूटन प्रति मिमी ते बघा, दोन्हींत जवळपास दसपट फरक. आकडा पुसला गेला असेल तर काढता येतो.

तारेच्या व्यासाचा चौथा घात (व्यास चारदा लिहून एकमेकांशी गुणा), त्याला ७८,५०० ने गुणा. भागायचं ८ गुणिले सरासरी व्यासाचा घन गुणिले मोकळे वेढे याने. तार १२ मिमी, बाहेरचा व्यास ८० (म्हणजे सरासरी ६८), एकूण वेढे ८ पैकी टोकाचे दोन बसलेले म्हणून मोकळे ६. उत्तर १०८ न्यूटन प्रति मिमी, म्हणजे ११ किलो. आता तारेवरच्या रंगासकट १२.५ मोजलं तर उत्तर १२७ येतं. अर्ध्या मिलिमीटरच्या रंगाने १८ टक्क्यांची चूक! त्यामुळे टोकाजवळ रंग खरवडून नागड्या तारेवर व्हर्नियर लावा.

मायक्रॉन
+१. स्प्रिंग सपाट काचेवर उभी करून बघा, तिरकी उभी राहिली तर ती बसलेली आहे.

रानवाटा
प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते ना? मग मऊ स्प्रिंग असली तरी काय बिघडलं?

शिमला नव्हे शिम
होत नाही. १०८ ची स्प्रिंग प्रीलोड कितीही आवळला तरी प्रत्येक मिलिमीटरला १०८ न्यूटनच मागते. प्रीलोडने फक्त गाडी उंच उभी राहते. मऊ स्प्रिंग खूप आवळून तुम्ही उंची मिळवता, पण खाली ठोका बसायचा तो बसतोच, आणि वर येताना गाडी टोकाला टक्कर देते.

आता सर्व्हिस. मी टाकीवाल्या, सर्क्लिपच्या शॉकबद्दल लिहितो. चष्मा घाला. हे सूचना म्हणून नाही, अट म्हणून.

शॉक साबणाने धुऊन कोरडा करा. प्रीलोड मोजून ठेवा: स्प्रिंगची बसवलेली लांबी आणि मोकळी लांबी. दोन्ही क्लिकर (रिबाउंड-कॉम्प्रेशनचे स्क्रू) पूर्ण बंद करताना क्लिक मोजा, आकडे लिहा, मग पूर्ण उघडे करा. स्प्रिंग उतरवा. रिंग पूर्ण सैल करूनही ताण राहत असेल तर स्प्रिंग कॉम्प्रेसर लागेल, दोरीचे आणि साखळीचे जुगाड नकोत.

मग गॅस सोडायचा. वालाचं तोंड माणसांपासून दूर, वर कापड, आणि थोडं थोडं दाबत सगळा बाहेर. आवाज पूर्ण थांबल्यावरच वालाची सुई काढा. काही शॉकना वालाऐवजी रबरी बूच असतं, त्याला खास सुई लागते. टाकीचं झाकण दाब असताना सोडलं तर ते छताला लागतं, मध्ये तोंड असेल तर तोंडाला. गॅस गेल्यावर झाकण सेंटिमीटरभर आत ढकला, सर्क्लिप काढा, आणि झाकण ब्लॅडरसकट (गॅस आणि तेल वेगळं ठेवणाऱ्या रबरी पिशवीसकट) ओढून घ्या. तेल काढून टाका. ते जर करडं, चंदेरी झाक असलेलं आणि करपट वासाचं असेल तर बॉडीच्या आतली बाजू नीट बघावी लागणार.

रॉडच्या बाजूला धुळीची टोपी काढा, सील हेड (रॉडभोवतीचे सील धरणारं झाकण) सेंटिमीटरभर आत दाबा, सर्क्लिप टोकदार आकड्याने काढा. इथे घाई करू नका. सर्क्लिपच्या खाचेची कड उचललेली असते, ती ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडल्याशिवाय रॉड ओढला तर पिस्टनची पट्टी चिरते. बॉडीच्या आत बोट फिरवून उभी रेघ लागते का बघा. लागली तर शॉकचा खेळ तिथेच संपला, कारण तेल पिस्टनच्या बाजूने निसटणार.

रॉडचा डोळा व्हाइसमध्ये मऊ जबड्यांत धरा, रॉड स्वतः कधीच नाही. टोकाचा नट कारखान्यात ठोकून फुगवलेला असतो, ती फुगवटी कानशीने उतरवल्याशिवाय पान्हा लावला तर आटे सोलून निघतात. नट निघाल्यावर पिस्टन आणि शिम एका पातळ सळईवर जसेच्या तसे उतरवा, वर-खाली बदल न करता, आणि आधी फोटो. एक ०.१५ ची शिम उलट्या बाजूला गेली की सगळं गणित फिरतं.

दहा_बार
सीलचं मी सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. जुना सील हातात घेऊन बेअरिंगच्या दुकानात गेलं की दुकानदार माप बघून साधा ऑइल सील देतो, १४-२४-५ म्हणजे १४-२४-५. तो इंजिनच्या शाफ्टसाठी असतो आणि जेमतेम अर्धा बार सोसतो. शॉकमध्ये तो पहिल्याच फेरीत गळणार. शॉकसाठीचा सील हेडचा संच घ्या: मुख्य सील किंवा चौकोनी छेदाची रिंग, धुळीचा सील, आतला बुश, बाहेरची ओ-रिंग. रॉडच्या आट्यांवर प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळा, तेल लावा आणि मगच सील हेड चढवा. उघड्या आट्यांवरून चढवलेला नवा सील चढवतानाच फाटतो. ब्लॅडरही हाताळून बघा, कडक झाला असेल किंवा घडीवर भेगा असतील तर बदला. धुवायला रॉकेल चालेल, पण शेवटी ब्रेक क्लीनर आणि धागे न सुटणारं कापड.

गप्पीदास
तेल कुठलं? मेकॅनिक २० नंबरचं फोर्क ऑइल घाला म्हणतो, ‘कडक होईल’.

शिमला नव्हे शिम
कडक होईल, चांगलं होणार नाही. शॉकमधल्या शिम पातळ तेलाच्या हिशोबाने लावलेल्या असतात. डब्यावरचा २.५, ५, १० हा आकडा कंपनीगणिक बदलतो, त्यावर जाऊ नका. ४० अंशांचा सीएसटी (सेंटिस्टोक्स, तेलाच्या जाडपणाचं माप) बघा. शॉकसाठीचं तेल साधारण १५ च्या आसपास असतं, त्यातही व्हिस्कॉसिटी इंडेक्स जास्त असलेलं घ्या म्हणजे तापल्यावर पाणी होत नाही. जाड तेल घातलं की रिबाउंड मंदावतो, लागोपाठच्या खड्ड्यांत गाडीला वर यायला वेळच मिळत नाही आणि मागची बाजू खाली खाली बसत जाते. मालक म्हणतो स्प्रिंग मऊ आहे, आणि प्रीलोड आवळतो. लिटरचा डबा पुरून उरतो, हवा काढताना बरंच सांडतं.

भरताना: बॉडी उभी धरून, कडेपासून सेंटिमीटरभर खाली राहील इतकं तेल. पिस्टन तिरका करून आत, मग अगदी हळू वर-खाली. पिस्टन तेलाबाहेर येऊ द्यायचा नाही. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि टाकीकडच्या वाटेतली हवा काढायला बॉडीवर लाकडी दांड्याने टिचक्या मारा. सील हेड बसवताना तेल बाहेर ओघळलंच पाहिजे, ओघळलं नाही तर आत हवा राहिली. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते चारी बाजूंनी बघा. ब्लॅडरही असाच, तेल ओसंडत बसवायचा. ब्लॅडरऐवजी तरंगता पिस्टन असेल तर तो किती खोलीवर ठेवायचा याचं माप पाळावंच लागतं, नाहीतर शॉक पूर्ण दबताना पिस्टन टाकीच्या तळाला टेकतो आणि काहीतरी फुटतं.

रानवाटा
नायट्रोजन पंक्चरवाल्याकडे भरून मिळेल?

दहा_बार
त्याच्याकडचा दाब टायरपुरता असतो. फ्रिज-एसी दुरुस्ती करणाऱ्यांकडे जा. पाइप तपासण्यासाठी त्यांच्याकडे नायट्रोजनचं सिलिंडर आणि रेग्युलेटर असतो, १० बार त्यांच्यासाठी किरकोळ. आधी अर्धा-एक बार भरून ब्लॅडर सरळ बसलाय का, झाकण सर्क्लिपला नीट टेकलंय का बघा, मगच पूर्ण दाब.

वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, इथे ‘एकदा करून बघू’ नाही. साधी हवा भरली तर लगेच काही होत नाही, पण तिच्यातली वाफ तापल्यावर दाब वाढवते आणि ऑक्सिजन गरम तेल खराब करतो.

भरल्यानंतर टायरच्या मापकाने ‘जरा बघतो किती आहे’ असं करू नका. टाकीत गॅसची जागा वाटीभरसुद्धा नसते. मापकाच्या नळीत जेवढा गॅस जातो तेवढ्यानेच दाब खाली येतो, आणि तुम्ही वाचता तो आकडा तुम्हीच पाडलेला असतो. पुन्हा वजनकाटा. रात्रभर कापडावर आडवा ठेवा, सकाळी पुन्हा काटा. आकडा तोच आणि कापड कोरडं, तर बसवा.

रानवाटा
आज शॉक बघून, मोजून आलो. स्प्रिंग काढू दिली. सर्क्लिपवाला आहे. रॉड १४ मिमी, काट्यावर ९ किलो. खालच्या डोळ्यापासून ८ मिमीवर एक खड्डा, नख अडकतं. बाकी रॉड साफ. रिबाउंडचे क्लिक लागतात आणि फरक दिसतो. माझ्या मूळ शॉकपेक्षा लांबी ८ मिमी जास्त, स्ट्रोकही ८ मिमी जास्त. बुश १० चे, माझे बोल्टही १०. फोमचा बंपर २५ मिमीचा, भुगा होतोय.

चिमटेवाला
नवा बंपर पूर्ण दबला तरी त्याची जाडी ८ मिमीच्या खाली जाणार नाही, म्हणजे खड्डा सीलला भेटत नाही. त्याच्या कडा तेवढ्या पॉलिश पेपरने मोडा, म्हणजे सर्व्हिस करताना सील हेड चुकून तिथवर सरकलं तरी नवा सील चिरणार नाही. गॅस निम्म्यावर आणि बंपर गेलेला, हे दोन्ही विक्रेत्याला दाखवून सर्व्हिसचा पूर्ण खर्च भावातून वजा करा. तेवढं कमी करत असेल तर घ्या.

मायक्रॉन
लांबी आणि स्ट्रोक दोन्ही ८ नेच जास्त, हे चांगलं जमलंय. सर्व्हिसला शॉक उघडणारच आहात, तेव्हा रॉडवर पिस्टन आणि सील हेडच्या मध्ये, टॉप-आउटच्या रबराखाली ८ मिमीचा स्पेसर घाला. अॅल्युमिनियमचा, आतलं भोक १४.१, दोन्ही कडा मोडलेल्या, तोंडं एकमेकांना समांतर. लेथवर सहज होतो. लांबी आणि स्ट्रोक दोन्ही तुमच्या मूळ शॉकइतके होतील, आणि पूर्ण दबलेली लांबी आधीच सारखी असल्यामुळे टायर मडगार्डला लागायचा प्रश्न येत नाही. रबर तिथेच ठेवा, नाहीतर पूर्ण उघडताना धातूवर धातू आपटेल.

शिमला नव्हे शिम
बसवल्यावर सॅग, म्हणजे वजनाने गाडी किती खाली बसते ते, मोजा. चाक अधांतरी असताना एक्सलपासून बरोबर वरच्या मडगार्डवरच्या खुणेपर्यंतचं अंतर, मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी, मग तुम्ही पूर्ण गियरमध्ये, पाय फूटरेस्टवर, कुणीतरी पुढून धरलेलं. प्रत्येक वेळी एकदा दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून मोजा, सरासरी घ्या, घर्षणामुळे दोन आकडे वेगळे येतात. १८० मिमीच्या चालीला तुमच्यासकट ५० ते ६० मिमी बसली पाहिजे, नुसत्या गाडीने १५ ते २५.

तुमच्यासकटचा आकडा प्रीलोडने जुळवा आणि मग नुसत्या गाडीचा वाचा. तो शून्याजवळ आला तर स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे, म्हणून खूप आवळावी लागली. ३०-३५ च्या पुढे गेला तर स्प्रिंग कडक. मग बॉडी तीच ठेवून फक्त स्प्रिंग शोधा. आतला व्यास आणि मोकळी लांबी जुळली पाहिजे, रंग कुठलाही चालेल.

खारा वारा
रिंगच्या आट्यांना बसवायच्या आधी बोटभर ग्रीस. आणि रिबाउंडच्या स्क्रूच्या खाचेतही.